सतरा नंबरचा वाफा

मी जवळजवळ तीस वर्षं तण शिकवलं. पाहुण्यांच्या घरी कुणी नोकरीचं विचारलं आणि मी हे उत्तर दिलं, की समोरचा माणूस हातातली बशी खाली ठेवतो. "म्हणजे काढायचं शिकवलं का?" "काढायचंही शिकवलं," मी म्हणतो, "पण आधी ओळखायचं." एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं आणि गप्पा पाऊसपाण्याकडं वळतात. ज्यांचं समाधान होत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात अवघड गेलं ते मायला सांगणं. माझी माय रोजानं खुरपायला जायची. नळदुर्गाच्या आसपास तिचं खुरपं फिरलं नाही असं रान सापडायचं नाही. छप्पन्न सालच्या धर्मांतरात आमच्या घरातून देव गेले आणि पुस्तकं आली. पुस्तकं म्हणजे तेव्हा एकच होतं, पण ते माझ्यासाठी होतं. त्या एकाची दहा झाली, मी शेतीचं शिक्षण घेतलं, वरची पदवी घेतली आणि आमच्याच भागातल्या एका कृषी महाविद्यालयात मला तात्पुरती नोकरी लागली. पेढे घेऊन घरी गेलो. माय म्हणाली, "काय शिकवणार हाईस?" म्हटलं, "तण." ती हसत सुटली. "तुला काय शिकवायचं त्यात? ह्यो इळा, ह्ये तण, काप म्हनावं."

मग मी तिला तणवाटिकेचं सांगितलं. पोरांना तण ओळखता यावं म्हणून महाविद्यालयात चाळीस वाफे करायचे, एकेका वाफ्यात एकेक तण लावायचं, त्याला पाणी द्यायचं, नावाची पाटी रोवायची. मायचं हसू थांबलं. कपाळाला हात लावून म्हणाली, "जल्मभर म्या उपाटलं, आन् तू पगार घिऊन लावणार व्हय?"

मी पेढ्यांचा पुडा तिच्यापुढं सरकवला.

बहात्तरचा दुष्काळ संपून दोनेक वर्षं झाली होती. पण दुष्काळ कागदावर संपतो तसा माणसाच्या मनातून संपत नाही. विहिरी अजून पुरत्या भरल्या नव्हत्या. रोजगार हमीची कामं चालू होती, जिकडंतिकडं पाझर तलाव खोदले जात होते. आणि अशा दिवसांत मी हरळीला, लव्हाळ्याला, कुंद्याला झारीनं पाणी घालत होतो. रस्त्यानं जाणारी माणसं बांधावर थांबून बघायची. एकानं तर दुसऱ्याला सांगितलेलं मी कानानं ऐकलं, "सरकारी येडं हाय. त्याला बोलू नगंस."

आमचे प्राचार्य शिस्तीचे होते आणि त्यांना तणवाटिका डोळ्यांसमोर नको होती. "वाघमारे," ते म्हणायचे, "लोक घागरी घेऊन कोसभर चालतात आणि तुम्ही गवताला पाणी घालता. एक जरी तक्रार आली तर मी ही वाटिका नांगरून टाकीन, सांगून ठेवतो." वाटिका गेली म्हणजे विषय गेला आणि विषय गेला म्हणजे तात्पुरता वाघमारे गेला. त्यामुळं मी पाणी पहाटेच घालून टाकायचो.

वाटिकेवर गंगूबाई नावाची रोजंदारीवरची बाई होती. वय मायएवढं, बोलणं दोन शब्दांचं. मला तणांची लॅटिन नावं पाठ होती, पण कोवळं रोप ओळखायला गंगूबाई लागायची. दोन पानांवर असलेलं रोप बोटांनी चुरगाळून ती वास घ्यायची आणि सांगायची. कधी चुकली नाही. चाळीस वाफ्यांपैकी एकोणचाळीस आम्ही दोघांनी आठवड्यात लावले. अडलो एकावर. तो होता सतरा नंबरचा, टारफुल्याचा.

ज्यांनी शेती केली नाही त्यांना टारफुला सांगायला हवा. बाकीची तणं पिकाच्या बाजूला उभी राहून त्याच्या ताटातलं खातात. टारफुला पिकाच्या आतून खातो. त्याचं बी पिठाच्या भुकटीसारखं बारीक असतं आणि मातीत गप्प पडून राहतं. वर्षानुवर्षं राहतं. ज्वारीचं मूळ जवळ आलं, की त्या मुळाच्या ओलीनं ते जागं होतं, मुळाला चिकटतं आणि जमिनीखालीच ज्वारीचा रस पिऊ लागतं. वर काही दिसत नाही. रानात ओल असूनही ज्वारी मलूल होते, शेतकरी म्हणतो नजर लागली. महिना-सव्वा महिन्यानं टारफुला वर येतो तेव्हा नुकसान होऊन गेलेलं असतं. वीतभर उंचीचं रोप, वर पांढरी नाजूक फुलं. दिसायला गरीब. फुलं वाळली की एकेका रोपातून हजारोंनी बी पडतं. म्हणून त्याचा एकच नियम आहे: फुलाआधी मुळासकट उपटा, आणि वर्षानुवर्षं उपटत राहा.

आता हे बी आणायचं कुठून? गंगूबाईला विचारलं. दोन दिवसांनी ती पदरातून वाळलेल्या टारफुल्याची पेंडी घेऊन आली. मी खूश झालो. कुठून आणली ते विचारलं नाही. सतरा नंबरच्या वाफ्यात ज्वारी पेरली, तिच्या ओळीत ते बी टाकलं आणि टारफुला झकास आला. सगळ्या वाटिकेत ज्वारी फक्त त्या एका वाफ्यात. पोरं विचारायची, "सर, मग ह्या वाफ्यात तण कोणतं?" पहिल्या तासाला मी व्याख्या सांगायचो, नको तिथं उगवलेलं ते तण. शिरसाट नावाच्या एका पोरानं ती इतकी मनावर घेतली, की तण गोळा करून वाळवून चिकटवण्याच्या वहीत त्यानं हरभऱ्याचं रोप चिकटवून आणलं. खाली लिहिलं, 'ज्वारीत उगवले होते.' मी त्याला पूर्ण गुण दिले.

आता मकबूलचाचांकडं येतो. सगळं सांगायचं आहे ते त्यांचंच आहे.

महाविद्यालयाचं रान उंचावर होतं. आमच्या बांधाखाली उतारावर मकबूलचाचांचं सहा एकर. पन्नाशी ओलांडलेले, अंगानं काटक, डोक्याला पांढरं फडकं. थोरला मुलगा हैदराबाद रस्त्यावर ट्रकवर, धाकटा सोलापूरला गिरणीत. रानात चाचा आणि चाची दोघंच.

आमच्या विषयात चौकट नावाचं एक साधन असतं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी लोखंडी चौकट रानात न बघता फेकायची. जिथं पडेल तिथं बसून आतलं तण मोजायचं. अशी दहा-वीस ठिकाणी फेकली, की सगळ्या रानात किती तण आहे त्याचा अंदाज येतो. पोरं अर्थातच बघूनच फेकायची, जिथं तण कमी तिथं. पण ते असो. माझं एक वाक्य पोरं माझी नक्कल करताना हमखास म्हणायची: "आधी मोजा, मग बोला." फवारणीनं तण मेलं म्हणायचं असेल तर आधी किती होतं ते मोजलेलं पाहिजे, नाहीतर तुमच्या बोलण्याला अर्थ नाही.

पहिल्याच वर्षी पोरांना घेऊन मी शेजारच्या ज्वारीत उतरलो. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. पहिली चौकट पडली आणि चाचा ज्वारीतून बाहेर आले.

"ओ मास्तर! काय मोजायलाव माज्या रानात?"

"तण मोजतोय चाचा."

"तण?" त्यांनी पोरांकडं बघितलं. "लोकांनी रान मोजलं, पीक मोजलं. तण मोजल्यालं ऐकलंय का कुनी? तलावाचे सायेब बी अशीच पोरं घिऊन आलते. म्हनले, नुस्तं बगायलाव. आन् माज्या चुलतभावाचं चार एकर तलावात गेलं. आता लोखंड टाकून माजं मोजायलाव व्हय?"

मी खूप समजावलं. पुस्तक दाखवलं. पुस्तकात चौकटीचं चित्र होतं, ते बघून तर त्यांची खात्रीच पटली. "नक्को मास्तर. भायेर व्हा." आम्ही बाहेर झालो. चौकट त्यांनी ठेवून घेतली. पुढं कळलं, की चाचीच्या कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी बांधून तिचं दार झालं, माप अगदी बरोबर बसलं. मी लोहाराकडून दुसरी करून घेतली आणि चाचांच्या रानाचं नाव सोडलं.

तर त्या वर्षी चाचांचं रान मोजायचं राहिलं, एवढं ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

दुसऱ्या वर्षी पाऊस बरा होता. सप्टेंबरात प्रात्यक्षिक परीक्षा व्हायची होती. बाहेरून परीक्षक येऊन पोरांना वाफ्यांपुढं उभं करणार, पाट्या झाकून नावं विचारणार. टारफुला फुलावर आला होता. नियमानं मी तो उपटायला हवा होता, पण मग परीक्षकाला काय दाखवू? चार दिवसांचा प्रश्न होता म्हणून ठेवला. आणि परीक्षा महिनाभर पुढं गेली. रोज मनाशी म्हणायचो, उद्या उपटू. रोज वाटायचं, चाळीसातला एक वाफा मोकळा दिसला तर प्राचार्य बाकीचे एकोणचाळीस मोकळे करतील. फुलं वाळली. गंगूबाई एकदा नुसतीच वाफ्याकडं बघून म्हणाली, "साहेब, ह्येला बोंडं आली." म्हटलं, "माहीत आहे गंगूबाई."

परतीचा पाऊस असा आला, की दुपारभरात बांध फुटला. वाटिकेतली माती लाल-काळ्या पाण्याबरोबर सरळ चाचांच्या रानात उतरली. मी छत्री घेऊन बांधावर उभा होतो. सतरा नंबरची पाटी वाहत जाऊन चाचांच्या तुरीला अडकलेली मी पाहिली.

पुढच्या वर्षी चाचांनी त्या पट्ट्यात हायब्रीड ज्वारी पेरली. मी दिवस मोजत होतो. श्रावण सरता सरता एका सकाळी, चाचा बाजाराला गेलेत हे बघून, चोरासारखा त्यांच्या रानात शिरलो आणि ज्वारी बाजूला सारून खाली बघितलं. टारफुला होता. दोन-चार नव्हे, धाटाधाटाखाली झुबकेच्या झुबके. ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली होती, पानं करपल्यासारखी झाली होती. तण शिकवणाऱ्या माणसानं एका म्हाताऱ्या जोडप्याच्या भाकरीत तण सोडलं होतं.

प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "टारफुला सगळ्या मुलुखात आहे, वाघमारे. तो तुमचाच कशावरून? गप्प बसा." मला त्यांचा राग आला. मनात म्हटलं, भित्रा माणूस, संस्थेचं नाव सांभाळतोय.

दोन दिवस जेवण गेलं नाही. माय म्हणाली, "काय झालंय ते सांग तरी." सांगितलं. तिनं क्षणभरही विचार केला नाही. "जा आन् सांग त्येला. नोकरी गेली तर खुरपं हाय घरात, दोघं जाऊ." मायच्या ह्या वाक्यावर मी आजवर उभा आहे.

गेलो. चाचा बांधावर बिडी ओढत बसले होते.

"चाचा, तुमच्या ज्वारीत टारफुला आहे."

"हाय," चाचा म्हणाले.

"तो माझ्या वाफ्यातून आलाय. मी फुलाआधी उपटायला पाहिजे होता, उपटला नाही. बांध फुटला तेव्हा बी वाहून तुमच्याकडं आलं." अठ्ठावीस वर्षांचा माणूस, पदवीवर पदवी घेतलेला, आणि त्यांच्यासमोर रडलो.

चाचांनी बिडी ओठांतून काढली. मग म्हणाले, "गंगू बगती त्योच ना वाफा?"

"हो, सतरा नंबरचा."

त्यांना ठसका लागला. तोंडावर फडकं धरून ते बराच वेळ ज्वारीकडं बघत राहिले. मला वाटलं, संताप आवरतायत.

"म्या तक्रार केली तर तुमची नोकरी जाईल?"

"जाईल."

"आन् टारफुला?"

"तो नाही जाणार."

"मंग माजा काय फायदा?" त्यांनी बिडी विझवली. "पोरं किती हाईत तुमच्याकडं?"

"तीस."

"दर साली गणपतीच्या आदी घिऊन या. हात घालून उपटायचा. टारफुला संपंस्तोवर. बोला, कबूल?"

मी कबूल म्हटलं. चाचीनं घरातून चहा पाठवला. खुराड्याला लागलेली माझी चौकट तिथूनच दिसत होती, पण मागायची हिंमत झाली नाही.

अशी आमच्या विषयाची खरी प्रात्यक्षिकं सुरू झाली. तोवर मी फळ्यावर शिकवायचो. टारफुल्याचं चित्र काढायचो, मुळाजवळ बाण दाखवायचो. आता तीस पोरं चिखलात गुडघ्यावर बसून तो उपटू लागली आणि चाचा त्यांच्यामागं हातात काठी घेऊन फिरू लागले. काठी मारायला नव्हती, दाखवायला होती. एखाद्यानं रोप वरच्यावर तोडलं, की काठीचं टोक त्या जागेवर टेकायचं. "आं? मूळ कुठंय? मुंडी मारली, पाय कोन काढील, तुजा बाप?" सरकारी अधिकाऱ्याचा एक मुलगा नाक मुरडत उभा राहिला होता, त्याला चाचांनी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. फक्त जेवायच्या वेळी म्हणाले, "ह्ये पावने हाईत, ह्येंला गादी टाका." दुसऱ्या दिवशी पोरगं सगळ्यात पुढं होतं.

उपटलेला टारफुला बांधावर टाकायचा नाही, खड्ड्यात घालून जाळायचा, हे मी पुस्तकातून शिकलो होतो. कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, कुठं माती हलकी आहे आणि म्हणून टारफुला कुठं दाट येणार, हे चाचांनी सांगितलं. मी वहीत उतरून घेतलं आणि पुढच्या वर्षी फळ्यावर लिहिलं. पोरं म्हणायची, सर, तुम्ही फार बारीक शिकवता. मी मान डोलवायचो.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी गावच्या सोसायटीनं तणनाशकाची पावडर आणली आणि सगळ्या सभासदांत मिळून एक फवारणीचा पंप घेतला. चेअरमन उत्साही गडी. मला बोलावून गावात भाषण करवलं. मी औषध कसं मारायचं ते अर्धा तास सांगितलं आणि पंप नंतर तीन वेळा धुवायचा हे एका वाक्यात सांगितलं. ते वाक्य कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. चूक माझीच होती, ते पहिलं वाक्य असायला हवं होतं. ज्वारीवर मारून झालेला पंप तसाच दुसऱ्याच्या घरी गेला, त्यात किड्याचं औषध भरलं गेलं आणि एका बाईच्या वांग्यांवर पडलं. आठ दिवसांत वांग्यांची पानं आकसून बारीक झाली. मी तिच्या दारात जाऊन हात जोडले. ती म्हणाली, "पुन्यांदा आलाव तर रोपं घिऊन या." मी रोपं घेऊन गेलो. त्यानंतर माझ्या प्रत्येक वर्गाचं पहिलं प्रात्यक्षिक नुसता पंप धुण्याचं असायचं. पोरं हसायची, मी हसू द्यायचो.

तेव्हा मी चाचांना म्हटलं होतं, की तुमच्याही रानात ती पावडर मारू. मग पोरांना दरवर्षी त्रास नको. चाचा एकदम ताठ झाले. "नक्को. ज्वारीत तुरीच्या वळी हाईत, तूर जळंल." ते खरंच होतं. त्या औषधानं तूर टिकत नाही. पण जाता जाता ते असंही म्हणाले, "औशध काय करायचंय? पोरं हाईत की." मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मधल्या काळात पुन्हा एक दुष्काळी वर्ष आलं. चाचांची ज्वारी वितीवरच वाळून गेली. टारफुला यायलासुद्धा ज्वारी लागते, ती नाही म्हणजे उपटायलाही काही नाही. मी निरोप पाठवला, की ह्या वर्षी येत नाही. उलटा निरोप आला: या. गेलो. चाचीनं विहिरीच्या ओलीला वाढलेली चिगळ आणि तांदुळजा शिजवून ठेवला होता, वर भाकरी. दोन्ही आमच्या वाटिकेतले, अकरा आणि बारा नंबरचे. एका पोरानं मोठ्या हुशारीनं सांगितलं, "चाची, ही तर तणं आहेत." चाची म्हणाली, "पोट भरल्यालं आसलं की तन, उपाशी आसलं की भाजी. बहात्तर साली ह्याच्यावरच तर जगलाव. खा." त्या दिवसापासून पुस्तकातल्या व्याख्येखाली मी चाचीचीही व्याख्या लिहून देऊ लागलो. परीक्षेत कुणी ती लिहिली तर गुण द्यायचो.

दरवर्षी उपटायच्या आधी मी नव्या चौकटीनं मोजायचो. आता चाचा हरकत घेत नव्हते, उलट स्वतःच चौकट फेकायचे, आणि तेही चांगलं लांब. आकडे खाली येत होते. झुबके गेले, मग ओळीत एखादं, मग कोपऱ्यात एखादं. चाचांची ज्वारी माझ्या डोक्यावर गेली. माझी नोकरी मधल्या काळात कायम झाली. माय गेली. गंगूबाई थकून घरी बसली. नव्या प्राचार्यांना तणवाटिकेचं कौतुक होतं, ते पाहुण्यांना दाखवायला आणायचे. आणि दरवर्षी पहिल्या तासाला मी वर्गाला माझी गोष्ट सांगायचो. मी एक वाफा वेळेवर उपटला नाही आणि एका माणसाचं रान नासवलं. तण म्हणजे काय ते पोरांना व्याख्येपेक्षा त्या गोष्टीनं जास्त कळायचं.

आणि मग ते साल आलं. मोजून तेरावं. चौकट तीस वेळा फेकली, प्रत्येक पोरानं एकदा. तीस वेळा शून्य. मग पोरं ओळीनं सगळं रान चालली. एक टारफुला नाही. मी वहीत शून्य लिहिलं. तेरा वर्षं उरावर घेतलेलं ओझं त्या एका शून्यानं उतरलं. पोरांना पुढं पाठवलं आणि चाचांजवळ बांधावर बसलो. चाचा आता सत्तरीकडं झुकले होते. डोळ्यांना कमी दिसत होतं.

"चाचा, संपला. माझ्या वाफ्यातला टारफुला आज संपला. तुम्ही त्या वेळी तक्रार केली नाही, मला सांभाळून घेतलं. तुमचे उपकार..."

"बसा मास्तर," चाचा म्हणाले. मी बसलेलोच होतो. "एक बोलतो. गुस्सा करायचा न्हाय."

"तुमच्यावर कसला गुस्सा?"

"टारफुला तुमच्या वाफ्यातला नव्हता."

"म्हणजे?"

"ह्या रानात टारफुला माज्या अब्बाच्या वक्तापासून हाय. बांध फुटायच्या आदीपासून. तुमी पयल्यांदा लोखंड घिऊन आलता, तवा बी हुता. ईतईतभर हुता. तुमी मोजला आसता तर त्याच दिशी घावला आसता. म्याच मोजू दिलं न्हाय."

मी वही मांडीवर ठेवली.

"आन् तुमच्या वाफ्यात बी कुटून आलं, हे तरी कदी इचारलंव का गंगूला? ह्या हितनं, ह्याच बांधावरनं नेली तिनं पेंडी. मला इचारून नेली. म्हनली, सायबाला टारफुला पायजे. म्या म्हनलं, ने बाई, लागंल तेवडा ने."

"आणि तुम्ही तेरा वर्षं..."

"तुमी रडत आलाव मास्तर." चाचा आता जमिनीकडं बघत होते. "त्या साली दोनी पोरं भायेर. चाचीला दम लागायचा. म्या एकटा, आन् ज्वारी समदी खाल्ली टारफुल्यानं. इचार करायलो हुतो, इकावं रान आन् जावं पोराकडं सोलापूरला. तेवड्यात तुमी आलाव, म्हनायलाव चूक माजी हाय. तीस पोरं! आल्लानं पाटवली तर न्हाय कसं म्हनू? दुसऱ्या साली सांगावं म्हनलं. पर तवर पोरांचा लळा लागला. मंग लाज वाटाय लागली. गंगू म्हनायची, सांगा की. म्या म्हनायचो, ह्या साली ऱ्हाऊ दे."

मी वहीतल्या शून्याकडं बघत होतो. आधी मोजा, मग बोला. एवढ्या वर्गांना हे शिकवलं, आणि स्वतः न मोजता बोललो होतो. प्राचार्य तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, तो तुमचाच कशावरून? तेच खरं शास्त्र होतं, आणि मी त्या माणसाला भित्रा समजून बसलो. ते निवृत्त होऊन गेले, त्यांची माफी मागायची राहून गेली. एवढी एक खंत आहे.

चाचांवर मात्र राग आला नाही. यायला हवा होता, मी वाट बघितली, पण आला ते हसू. पोटातून आलं. चाचा आधी दचकले, मग तेही हसले, मग त्यांना ठसका लागला. तो ठसका मी ओळखला. तेरा वर्षांपूर्वी तोंडावर फडकं धरून ते संताप आवरत नव्हते, हसू दाबत होते.

माझ्या हातात आज जे काही आहे ते त्या ठसक्यानं दिलं. चाचा त्या दिवशी खरं बोलले असते तर मी सुटकेचा श्वास टाकून वर गेलो असतो आणि आयुष्यभर फळ्यावर बाण काढत बसलो असतो. मायनं मला त्या बांधावर पाठवलं आणि चाचांनी तिथं ठेवून घेतलं. दोघांचे पांग फिटायचे नाहीत.

पोरं महाविद्यालयाच्या फाटकाशी पोचली होती. मी उठलो. चाचा बसूनच होते, काठीनं माती उकरत.

"मंग मास्तर," खाली बघतच ते म्हणाले, "आता पुडच्या सालापासून येनार न्हाय तुमी?"

"येणार की," मी म्हटलं. "वर दिसला नाही म्हणजे संपला असं नसतं चाचा. टारफुल्याचं बी मातीत वीस-वीस वर्षं जिवंत राहतं. पुस्तकात लिहिलंय."

चाचांनी मान वर केली. "ईस साल?"

"वीस."

"बरं झालं," चाचा म्हणाले आणि काठी टेकत उठले. "चला, चाचीनं भाकरी टाकल्यात."